पद्मिनी १९८१: रूप तेच ठेवून आतलं किती बदलावं?

कात्रजकर (धागालेखक) | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची १९८१ ची प्रीमियर पद्मिनी साताऱ्याहून पुण्याला आणली आहे. ट्रकवर घालून आणली. टोचन करायचा धीर झाला नाही, खंबाटकीत त्या ब्रेकवर भरवसा कोण ठेवणार? मूळ रंग फिकट निळा असावा असं दाराच्या आतल्या बाजूवरून कळतं. आरसीचं नूतनीकरण सासऱ्यांनी वेळच्या वेळी करून ठेवलंय, इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही जुळतात, इंजिन हाताने फिरतं. क्रोमची जाळी, बंपर, त्रिकोणी काचा, सगळं जागेवर.

मला गाडी प्रदर्शनात नेऊन उभी करायची नाहीये. बघणाऱ्याला पद्मिनीच दिसली पाहिजे, पण पाऊस असो, घाट असो, चावी फिरवली की निघता यावं. पुणे-कोल्हापूर नेहमी, जमलं तर रत्नागिरी. बायकोची एकच अट आहे: एसी.

आमच्याकडचा गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, मारुती ईकोचं इंजिन-गिअरबॉक्स टाका आणि विसरून जा." ऐकायला गोड वाटतं. ज्यांनी असले उद्योग केलेत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? इंजिन बदलावं का? आणि खर्च नेमका कुठे हाताबाहेर जातो?

दादरचा_डुक्करवाला | रात्री १०:३१

घ्या, आणखी एक गाडी कामातून गेली.

माझ्याकडे पन्नासच्या दशकातली फियाट ११०० आहे, जिला अख्खी मुंबई डुक्कर फियाट म्हणते. पुढचं दार उलटं उघडतं. इंजिन, गिअर, ब्रेक, सगळं जन्माचं. पद्मिनी ही तिचीच धाकटी पाती. १०८९ सीसी, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. इंजिन काढलंत, गिअर काढलात, ब्रेक काढलेत, मग उरलं काय? पत्रा. तोही निम्मा लांबीचा, म्हणजे भरलेल्या पुट्टीचा असणार. मग सरळ ईकोच घ्या की, शोरूममध्ये मिळते.

एसीचं म्हणाल तर त्रिकोणी काच उघडा. ती त्यासाठीच दिली आहे.

मुळशीकर | रात्री १०:३४

वाचतोय. पॉपकॉर्न आणले आहेत.

उद्यमनगर_लेथ | रात्री ११:२०

राम राम कात्रजकर. कोल्हापुरात आमचं लेथचं काम. मूळ धंदा पंपाचे आणि ऑइल इंजिनाचे पार्ट, पण जुन्या गाड्यावाले शोधत येतात म्हणून हेही होतं. दादरकरांच्या भांडणात पडत नाही, क्रम तेवढा सांगतो.

इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी पत्रा, मग ब्रेक, मग स्टिअरिंग आणि सस्पेन्शन. गॅरेजवाला इंजिनापासून सुरू करतो, कारण गिऱ्हाईक त्यावर खूष होतं.

पत्र्यासाठी उद्या सकाळी एक करा. साधा लोहचुंबक रुमालात गुंडाळा आणि दोन्ही बाजूच्या सिलवर (दारांखालची लांब पत्र्याची पेटी), मागच्या मडगार्डच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे सुटेल तिथे आत लांबी आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. सिल गेलं म्हणजे कणा गेला. कमरेत मोडलेल्या बॉडीत नवीन इंजिन घातलं तर दारं बसायची बंद होतात.

आता ब्रेक. या गाडीला चारही चाकांना ड्रम, पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की पेडल तळाला. आणि हिशोब बघा: ताशी ८० ने जाणारी गाडी ११० ने जाऊ लागली तर थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण वेगाचा वर्ग येतो. ईकोच्या इंजिनावर ११० सहज लागेल. थांबवणार कोण?

पुढे डिस्क लावायची तर मारुतीच्या छोट्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घेतात. त्या गाडीचं चाक १२ इंची, पद्मिनीचं १४ इंची, त्यामुळे रिमच्या आत जागा पुरते. चाकाचा हब लेथवर फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून, डिस्क बसवायची, कॅलिपरसाठी जाड प्लेटचा ब्रॅकेट करायचा. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा आणि बूस्टरसकट.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पेडल सोडल्यावरही लाइनीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला ते लागतं. डिस्कला तेवढा दाब राहिला की पॅड सुटतच नाहीत. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून डिस्क लावून आणली होती, मास्टर सिलिंडर जुनाच. गावात काही कळलं नाही. हायवेला लागल्यावर पुढची चाकं एवढी तापली की हबमधलं ग्रीस वितळून रिमवर आलं होतं. मालक म्हणत होता बेअरिंग खराब आहे. बेअरिंगला काय झालं नव्हतं.

मागे ड्रमच ठेवा, फक्त पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण नीट लावा. नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते.

कागदपत्रवाला | रविवार, सकाळी ७:५०

लेथवाल्यांचा क्रम बरोबर, पण त्याच्याही आधी कागद.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं: बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा.

पद्मिनीत ईकोचं इंजिन म्हणजे वेगळी कंपनी, वेगळं इंजिन, वेगळी सीसी. "आपला माणूस आहे, करून देतो" असं सांगणारे भेटतील. आरसीवर नोंद झालीच नाही तर विम्याच्या वेळी तुम्ही एकटे उरता. अपघातानंतर सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो, तेव्हा आपला माणूस फोन उचलत नाही.

दुसरं, हे दादरकरांना आवडेल. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर वेगळी नोंदणी, नंबरात "व्हीए" ही अक्षरं, २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तुमची गाडी २०३१ साली पन्नाशी गाठते. आज इंजिन कापून टाकलंत तर ते दार कायमचं बंद. अर्थात व्हीए पाटीची गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरतीच काढायची. त्यामुळे ती तुम्हाला हवी आहे का, हा निराळा प्रश्न.

रंग बदलणार असाल तर त्याचीही आरसीवर नोंद लागते. फिकट निळाच द्या, कटकट नाही.

दादरचा_डुक्करवाला | सकाळी ८:१५

कागदपत्रवाले, तोंडात साखर पडो.

नेकार_काठी | सकाळी ११:०५

श्टुटगार्टहून लिहितेय. नोकरी गाड्यांच्याच क्षेत्रात, बाबांची पद्मिनी मात्र नाशिकला.

इथे जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरच्या गाड्यांना एच पाटी मिळते. नंबराच्या शेवटी एच, वर्षाचा कर ठोक १९१ युरो आणि काही सेंट. गाडी हवी तेव्हा हवी तिथे चालवा. पण तपासणीला नेली की बदल काळाला धरून आहेत का ते पाहतात. त्या काळी त्या गाडीत ज्या सुधारणा होत असत त्या चालतात. आजचं इंजिन कोंबलं तर पाटी विसरा.

हे सांगायचं कारण म्हणजे काळाला धरून ही कसोटी पद्मिनीला लावली तर मजा येते. इटलीत फियाटने १९६६ मध्ये ११०० ची शेवटची आवृत्ती काढली, ११०० आर. तिला पुढे डिस्क ब्रेक होते आणि गिअर दांड्यावरून खाली, फ्लोअरवर आला होता. म्हणजे पद्मिनीच्या कुळात डिस्क १९६६ पासून आहेत. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात मात्र शेवटपर्यंत त्याआधीच्या ११०० डी चाच ठसा चालला. तेव्हा कात्रजकरांनी पुढे डिस्क लावली तर ते कुळाला बट्टा लावणं नव्हे, साठ वर्षं उशिरा घरचीच वस्तू आणणं आहे.

दादरचे काका, यावर बोला.

दादरचा_डुक्करवाला | सकाळी ११:४०

काका कोण?

११०० आर ची डिस्क आणून लावणार असाल तर बोलतो. मारुतीची लावणार असाल तर तुमचा इतिहास इथे लागू होत नाही.

उद्यमनगर_लेथ | दुपारी १:१०

११०० आर ची डिस्क इटलीहून येईल, मग तिचे पॅड, मग कॅलिपरचं रबर किट. दरवेळी कस्टम. मारुतीचे पॅड गडहिंग्लजला पण मिळतात. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर पार्ट असा पाहिजे की जो तालुक्याच्या गावी दुकानात मागितला तर मिळेल. मी एवढंच बघतो.

कात्रजकर | संध्याकाळी ५:३०

सगळ्यांचे आभार. चुंबक फिरवला.

डावं सिल बऱ्यापैकी. उजव्या सिलवर ड्रायव्हरच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत चुंबक खाली पडत गेला. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर बोटभर जाडीची लांबी वडीसारखी निघाली. आत कुणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिव्हेट मारून ठेवलाय. डब्यावरची "१५ कि." ही अक्षरं अजून वाचता येतात. सासऱ्यांना फोटो पाठवला तर म्हणाले, "त्याने वेल्डिंगचे पैसे घेतले होते."

मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला लागतात ती जागा मात्र ठणठणीत आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर गेलाय, शेजारचा शाबूत.

म्हापशेकार | संध्याकाळी ६:१५

आमच्या गोव्यात हा रोजचाच खेळ. खारी हवा आणि चार महिने पाऊस, सिल टिकत नाही. दोन सूचना.

वेल्डिंग सीओटूने करून घ्या, गॅसने नको. गॅसने पत्रा तापून लाटा पडतात आणि मग त्या झाकायला पुन्हा लांबीच भरतात. आणि सिल कापायच्या आधी दारं बसवलेली ठेवा, गाडी चाकांवर नीट टेकवा, दाराच्या चौकटीत आडवी पाइप टॅक करून घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून सिल कापलं की बॉडी मधे बसते. नंतर दार लागत नाही म्हणून बिजागऱ्या ठोकत बसतात.

नवीन सिल बंद झालं की आतून गंजरोधक मेण फवारून घ्या आणि पाणी निघायची भोकं उघडी ठेवा. आमच्याकडे हमखास अंडरकोटिंगच्या डांबराने ती भोकं बुजवतात. मग पाणी आत साठतं आणि वरून गाडी चकाचक.

विजेवरची | संध्याकाळी ७:०२

इंजिनावरून एवढा काथ्याकूट चाललाय तर मग इलेक्ट्रिकच का नाही? आवाज नाही, गिअरचा त्रास नाही, एसी चालतो.

कागदपत्रवाला | संध्याकाळी ७:४०

गंमत अशी की कायद्याच्या नजरेत हा रस्ता ईकोच्या इंजिनापेक्षा सरळ आहे. इंधनाचा प्रकार बदलणं, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी, याला कलम ५२ मध्येच वाट आहे. एआयएस-१२३ या मानकाखाली किट मंजूर झालेलं हवं, आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. पण किटची मंजुरी ठरावीक गाड्यांसाठी असते. कुणी "किट आहे" म्हणालं तर मंजुरीच्या कागदात तुमच्या गाडीचं नाव बघा, नुसतं प्रमाणपत्र बघू नका.

उद्यमनगर_लेथ | रात्री ८:२५

आणि वजन. गाडी ९०० किलोच्या आत-बाहेर. बॅटरी डिकीत टाकली की पाटे सपाट. कोल्हापूरपर्यंत रेंज मिळेल एवढी बॅटरी म्हणजे मागे कायम दोन-तीन पैलवान बसलेत असं धरा.

कुर्ला_दुसरी_पाळी | रात्री ९:३०

धागा मुलाने दाखवला म्हणून लिहितो. मी कुर्ल्याच्या कारखान्यात होतो. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुम्ही जुन्या बॉडीत नवं इंजिन म्हणजे आजचं खूळ समजता. आमच्या कंपनीने तेच केलं. १९८५ मध्ये ११८ एनई आली. बॉडी फियाट १२४ ची, मूळ १९६६ ची. इंजिन निसानचं ए-१२, ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. एनई म्हणजे निसान इंजिन. पद्मिनीच्याही शेवटच्या एस-१ मध्ये फ्लोअर गिअर आला, तो निसानचाच. हिंदुस्तान मोटर्सने नव्वदच्या दशकात अँबॅसेडरमध्ये इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअर घातले. तिला कुणी अँबॅसेडर नाही म्हणालं का?

पद्मिनीत ११८ एनई चं इंजिन-गिअरबॉक्स घालणारे लोक मी पाहिले आहेत. दोन्ही गाड्या मागच्या चाकावर चालणाऱ्या, इंजिन पुढून मागे असं उभं बसवलेलं. काम मूळ धाटणीचं राहतं. आणि कंपनी एकच.

मुळशीकर | रात्री ९:३५

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. काका, अजून लिहा.

कात्रजकर | रात्री ९:५०

हे मला सुचलंच नव्हतं! कागदपत्रवाले, कंपनी एकच असेल तर चालेल का?

कागदपत्रवाला | रात्री १०:२०

कायद्यात शब्द आहेत "त्याच मेकचं आणि त्याच टाइपचं इंजिन". मेक जुळतो, टाइप नाही. १०८९ च्या जागी ११७१ सीसी येते. अर्ज करायचा असेल तर काम करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा. केल्यावर परवानगी मागायला जाऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर इंजिनाचा ब्लॉक बदलला नसता.

डिस्क ब्रेकवरही काटेकोर वाचणारा बोट ठेवू शकतो, हेही सांगून ठेवतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच ठेवा.

उद्यमनगर_लेथ | रात्री १०:५५

ईकोचं काय ते सांगून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल.

ईको मागच्या चाकावर चालते, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात तीच येते. ११९६ सीसी, ७३ अश्वशक्ती, जुन्या मॉडेलची. पण ते इंजिन सीटखाली तिरकं झोपलेलं असतं. तिरकेपणा बदलला तर ऑइलचं चेंबर नवीन करावं लागतं, नाहीतर घाटात वळणावर पंपाला ऑइल मिळत नाही. नाही बदलला तर एका बाजूला स्टिअरिंग बॉक्स येतो. जिप्सीचं १३०० इंजिन त्यामानाने सोपं. तिची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, ती काढून टाकली की गिअरबॉक्समधून सरळ मागे शाफ्ट जातो. तरी प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायचा, पुढच्या-मागच्या क्रॉसचे कोन जुळवायचे, नाहीतर ७० च्या पुढे सगळी गाडी घरघरते. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग आणि चावी एकाच गाडीची घ्यावी लागते, इमोबिलायझर असतो. टाकीत इलेक्ट्रिक पंप, परतीची लाइन. आणि एवढं झाल्यावर जवळजवळ दुप्पट ताकद त्याच जुन्या क्राउन-पिनियनवर, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी जोडीवर.

खर्च हाताबाहेर कुठे जातो विचारलं होतं ना? इंजिनाच्या किमतीत जात नाही. इंजिन आणि गाडी जोडणाऱ्या या बारीकसारीक वस्तूंत जातो, ज्यांची नावं कोटेशनमध्ये नसतात.

जेट_नंबर | सोमवार, सकाळी ९:१०

इंजिन मूळचंच ठेवणार असाल तर पेट्रोलचा प्रश्न सोडवा.

पहिलं शिसं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल. जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला शिशाचा आधार होता. तो गेल्यावर जोरात चालवलं की सीट हळूहळू आत बसते, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स संपतं, मग गरम इंजिन सुरूच होत नाही. हेड उतरवणारच आहात तर कडक सीट बसवून घ्या.

दुसरं इथेनॉल. आता पंपावर २० टक्के मिसळ. जुने रबरी होज, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंगं, सगळं फुगतं नाहीतर तडकतं. इथेनॉलला चालणारे होज घ्या, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत. मधला एक वीतभर तुकडा जुना राहिला तर तोच गळतो, आणि तो नेमका सायलेन्सरच्या वर असतो. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक-दोन नंबरने मोठा करून प्लगचा रंग बघा. पांढरा पडत असेल तर अजून वाढवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

तिसरं, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली बसतं, बाहेरून कुणाला दिसत नाही. पॉइंट घासणं, कंडेन्सर उडणं, पावसात स्टार्ट न होणं, यातलं बरंच संपतं. माझ्या मते जुन्या गाडीत रुपयाला सर्वात जास्त मोल देणारा बदल हाच.

दादरचा_डुक्करवाला | सकाळी ९:४५

पॉइंट घासायला पाच मिनिटं लागतात. पॉलिश पेपर आणि फीलर गेज खिशात ठेवा. रात्री घाटात तुमचा इलेक्ट्रॉनिक डबा गेला तर काय घासणार?

जेट_नंबर | सकाळी ९:५२

जुना पॉइंटचा सेट डिकीत ठेवायचा. परत बसवायला वीस मिनिटं.

दादरचा_डुक्करवाला | सकाळी १०:०५

हे मान्य.

नेकार_काठी | दुपारी ४:२०

काका मान्य म्हणाले, स्क्रीनशॉट घेतलाय.

स्टिअरिंगबद्दल कुणी बोललं नाही. मूळ बॉक्स वर्म-रोलरचा आहे, आणि पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती किंगपिन. लोकांना रॅक-पिनियन घालायची घाई असते. रॅकची लांबी आणि उंची खालच्या-वरच्या विशबोनच्या पिव्होटशी जुळली नाही तर खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप एका बाजूला ओढते, तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलेलं असलं तरी. त्यापेक्षा किंगपिन, बुश, आयडलर आणि टाय रॉड एंड नवे टाका, बॉक्सचं अॅडजस्टमेंट करा, रेडियल टायर घाला. बहुतेक वेळा सैल स्टिअरिंग म्हणजे फक्त ग्रीसची उपासमार असते. किंगपिनच्या निपलला ग्रीसगन लावली आणि नवीन ग्रीस खालून बाहेर आलं नाही, तर आतली वाट सुकून बंद झालेली असते. नुसतं वरून फासून काही होत नाही.

आणि सीटबेल्ट. पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारू नका. आतून पाच-सहा मिलिमीटर जाडीची प्लेट वेल्ड करा आणि बेल्टचाच सात-सोळांश इंची बोल्ट वापरा.

कात्रजकर | रात्री ९:४०

सगळं छापून काढलं आणि गॅरेजवाल्यासमोर ठेवलं. तो म्हणाला, "मग मजा काय राहिली?" गॅरेज बदलतोय.

ठरलं ते असं. ब्लॉक मूळचा १०८९. बोअर करून नवे पिस्टन-रिंग, हेडला कडक सीट. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनमोच्या जागी आल्टरनेटर, रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा. वायरिंग पूर्ण नवं, हेडलाइटला रिले, कारण सध्या सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो आणि तो स्विच चटका बसेल एवढा गरम होतो. पुढे डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, बूस्टर. किंगपिन सेट नवा. गिअर दांड्यावरच ठेवतोय, लिंकेजचे बुश लेथवर करून घेणार. कोल्हापूरला ८० ने जाऊ. कुठे आग लागलीये?

प्रत्येक बदल असा की उद्या बोल्ट काढून जुना भाग परत बसवता येईल. कापाकापी फक्त गंजलेल्या पत्र्याची. २०३१ ला व्हीए पाटी घ्यायची की नाही ते तेव्हा बघू.

राहता राहिला एसी.

जेट_नंबर | रात्री १०:०२

चाळीस अश्वशक्तीतले चार-पाच कॉम्प्रेसर खाणार. सपाटीवर चालेल. घाटाला लागताना बंद करा. कॉम्प्रेसरच्या क्लचला एक स्विच द्या, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की कॉम्प्रेसर आपोआप सुटेल असा. आणि रेडिएटरसमोर कंडेन्सर आला की पंखा मोठा लागेल, हे आत्ताच धरा.

कुर्ला_दुसरी_पाळी | रात्री १०:३०

दांड्यावरचा गिअर ठेवताय हे वाचून बरं वाटलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, टॅक्सीला ठरलेली तिची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ ला भरली. तोपर्यंत हजारो ड्रायव्हरांनी हाच गिअर दिवसभर टाकला. पहिल्या-दुसऱ्यात अडकला की बॉनेट उघडून हाताने लिव्हर हलवायचे, तेवढं मात्र शिकून ठेवा.

दादरचा_डुक्करवाला | रात्री १०:४१

डिस्क सोडली तर ठीक आहे.

काढलेले ड्रम, व्हील सिलिंडर आणि जुना मास्टर सिलिंडर यांचं काय करणार? टाकणार असाल तर मला कळवा. मी पुण्याला येऊन घेऊन जातो.

कात्रजकर | रात्री १०:४४

टाकत नाहीये. ग्रीस लावून, नावं लिहून पेटीत.

दादरचा_डुक्करवाला | रात्री १०:४५

विचारून ठेवलं.

उद्यमनगर_लेथ | रात्री ११:१५

कात्रजकर, ब्रॅकेट आमच्याकडे करणार असाल तर पुढचा एक स्टब (चाकाचा हब बसतो तो दांडा) सोडवून पाठवा. दोन्ही नको, एकच पुरतो. पाठवता येत नसेल तर व्हर्नियरने मापं घ्या, टेपने नको: दोन्ही बेअरिंग सीटचा व्यास, बॅकप्लेटच्या बोल्टांचं अंतर, आणि हबच्या तोंडापासून बॅकप्लेटपर्यंत किती जागा आहे ती. रिमचा आतला व्यास कॅलिपर जिथे येतो तिथे मोजा. रिम जुने असतील तर दोन-तीन रिमांवर मोजा, सगळे सारखे नसतात. मंगळवारी आमच्याकडे लाइट नसते, बुधवारनंतर फोन करा.